गोल इंजिनाचा गोतावळा

दर वर्षी जुलैच्या अखेरीस अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी हौशी वैमानिकांचा मोठा मेळा भरतो. हजारो विमानं उतरतात. त्यांत लढाऊ जेट असतात, तशी घरच्या गॅरेजात बांधलेली विमानंही असतात. पण एखाद्या डकोटाचा किंवा हार्वर्डचा पंखा फिरायला लागला, की आसपासची माणसं बोलणं अर्धवट टाकून तिकडं वळतात. आधी एखाददुसरा सिलिंडर खोकतो, थांबतो, पुन्हा खोकतो. निळसर पांढऱ्या धुराचा लोट शेपटाकडं जातो. मग बाकीचे सिलिंडर एकामागून एक जागे होतात आणि घरघर एका ठेक्यात बसते. इंग्लंडातल्या ओल्ड वॉर्डनला आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेकलाही जुन्या विमानांचे चाहते याच आवाजासाठी ताटकळत उभे असतात.

जेट इंजिन या जुन्या रेडियल इंजिनापेक्षा ताकदीनं मोठं, वजनाच्या मानानं हलकं आणि कितीतरी अधिक काळ न उघडता चालणारं आहे. हे सगळ्या चाहत्यांना ठाऊक आहे. त्यांतल्या बहुतेकांचा जन्मही जेटच्या जमान्यातला आहे, त्यामुळे याला गेलेल्या दिवसांची हुरहुर म्हणून चालणार नाही. माझ्या मते हे प्रेम वारशानं आलेलं आहे. ज्या काळी हे इंजिन नवं होतं, त्या काळी माणसांनी त्याच्या भरवशावर समुद्र ओलांडले, टपाल पोचवलं, लढाया केल्या. तो भरवसा फुकट मिळालेला नव्हता. अपघात, फसलेले आराखडे आणि तापून फुटलेले सिलिंडर यांची किंमत मोजून तो कमावलेला होता. आजची हौस त्या भरवशाची वारसदार आहे, म्हणून तिचा मागोवा घ्यायचा तर इंजिनाच्या वंशावळीतूनच जावं लागतं.

रचना

रेडियल इंजिन समोरून पाहिलं की त्याची मांडणी एका नजरेत कळते. मधोमध गोल क्रँककेस आणि तिच्याभोवती, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे, सगळीकडं फाकलेले सिलिंडर. सगळे पिस्टन एकाच क्रँकला जोडलेले असतात. त्यांतल्या एका पिस्टनचा दांडा मुख्य, त्याला मास्टर रॉड म्हणतात. बाकीच्यांचे दांडे या मुख्य दांड्याच्या गड्ड्यावर पिनांनी अडकवलेले असतात. एका रांगेतल्या सिलिंडरांची संख्या नेहमी विषम असते : पाच, सात किंवा नऊ. कारण चार टप्प्यांच्या इंजिनात एक सोडून एक सिलिंडर पेटवला, की क्रँकच्या दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी सारख्या अंतरानं येते. नऊ सिलिंडरांत हा क्रम एक, तीन, पाच, सात, नऊ, दोन, चार, सहा, आठ असा चालतो. संख्या सम असती, तर फेरी पुन्हा त्याच सिलिंडरांवर येऊन पडली असती.

या मांडणीचा मोठा फायदा असा, की प्रत्येक सिलिंडर समोरच्या वाऱ्याला थेट तोंड देतो. त्याच्या अंगावरच्या पातळ पट्ट्या उष्णता हवेत सोडतात. पाणी नको, रेडिएटर नको, नळ्या नकोत, गळणारे सांधे नकोत. क्रँकशाफ्टही आखूड, म्हणजे हलका आणि ताठ. तोटे दोन. इंजिनाचं तोंड रुंद असल्यामुळे वारा जास्त अडतो. शिवाय खालच्या बाजूचे सिलिंडर उलटे लटकलेले असल्यामुळे तेल झिरपून त्यांच्यात साचतं. पुढच्या अर्धशतकाची बहुतेक खटपट या दोन तोट्यांवर मात करण्यासाठी आणि वाऱ्यानं थंड होण्याची विद्या पक्की करण्यासाठी झाली.

पूर्वज

वंशावळ एका पराभवापासून सुरू होते. स्मिथसोनियन संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांचं ‘एरोड्रोम’ हे विमान १९०३ साली पोटोमॅक नदीत दोनदा कोसळलं, दुसऱ्यांदा ८ डिसेंबरला. त्यानंतर नऊच दिवसांनी राइट बंधू किटी हॉकला उडाले आणि लँग्ली मागं पडले. पण नदीत बुडालेल्या त्या विमानातलं इंजिन राइटांच्या इंजिनाहून फार पुढचं होतं. राइटांचं इंजिन जेमतेम १२ अश्वशक्तीचं. चार्ल्स मॅन्ली यांनी लँग्लींसाठी तयार केलेलं पाच सिलिंडरांचं, पाण्यानं थंड होणारं रेडियल सुमारे ५२ अश्वशक्ती देत होतं. विमान चालवायलाही मॅन्लीच बसले होते आणि दोन्ही वेळा ते पाण्यातून जिवंत बाहेर आले.

दुसरा पूर्वज इटालियन माणसानं फ्रान्समध्ये बनवलेला. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरियो यांनी इंग्लिश खाडी ओलांडली, ती अलेस्सांद्रो अँझानी यांच्या २५ अश्वशक्तीच्या तीन सिलिंडरी इंजिनावर. तिन्ही सिलिंडर पंख्याच्या पात्यांप्रमाणे वरच्या अर्ध्यातच ठेवलेले होते. खालच्या सिलिंडरात तेल साचून प्लग भिजतो, ही अडचण अँझानींनी खाली सिलिंडरच न ठेवता टाळली होती. पुढं त्यांनी पूर्ण वर्तुळाची रेडियलही बनवली.

तिसरी शाखा अचाट होती. फ्रान्समधल्या सेगँ बंधूंनी ‘नोम’ इंजिनात क्रँकशाफ्ट विमानाला घट्ट बांधला आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरागरा फिरवले. सिलिंडर स्वतःच फिरत असल्यानं त्यांना वारा आपोआप मिळे. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रँस इथल्या स्पर्धेत आंरी फार्मान यांनी याच ५० अश्वशक्तीच्या इंजिनावर अंतराची शर्यत जिंकली आणि सगळ्या युरोपाचं लक्ष तिकडं गेलं. पहिल्या महायुद्धातली कितीतरी विमानं या फिरत्या इंजिनांवर उडाली. त्यांत वंगण म्हणून एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही. एकदा वापरलेलं एरंडेल जळत, उडत बाहेर पडे आणि वैमानिक त्याच्या धुरात तासन्‌तास बसलेला असे. फिरणाऱ्या एवढ्या वजनामुळे विमान एका बाजूला झटकन वळे, दुसऱ्या बाजूला अडून बसे. सॉपविथ कॅमल चालवायला शिकताना अनेक तरुण वैमानिकांनी या ओढीपायी जीव गमावला. वेग वाढवावा तर सिलिंडर हवा घुसळण्यातच ताकद घालवत. युद्ध संपलं आणि या शाखेची वाढही खुंटली.

गार राहण्याची विद्या

सिलिंडर न फिरवता, केवळ वाऱ्यावर मोठं इंजिन गार राहील का, हा प्रश्न मात्र उरला. १९१८ साली ब्रिटननं घाईनं उत्तर दिलं आणि तोंडघशी पडलं. एबीसी ड्रॅगनफ्लाय या नव्या रेडियलची हजारोंच्या संख्येनं मागणी नोंदवली गेली, तीही पुरेशी चाचणी होण्याआधी. इंजिन भयंकर तापे. त्यातून ज्या वेगानं ते चालवायचं, नेमक्या त्याच वेगाला क्रँकशाफ्ट थरथरून तुटे. युद्ध नोव्हेंबरात थांबलं म्हणून त्या इंजिनाच्या भरवशावर लढण्याची वेळ आली नाही.

खरं उत्तर सावकाश चाललेल्या कामातून आलं. फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत प्राध्यापक ए. एच. गिब्सन आणि सॅम हेरॉन हे दोघं एकेका सिलिंडरवर प्रयोग करत होते : पट्ट्यांची जाडी किती, अंतर किती, डोकं पोलादाचं की ॲल्युमिनियमचं, व्हॉल्व्ह कुठल्या कोनात. पोलादी नळकांड्यावर ॲल्युमिनियमचं डोकं बसवण्याची त्यांची पद्धत पुढं सगळ्यांनी उचलली. हेरॉन १९२१ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथं त्यांनी एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा प्रश्न हाती घेतला. जळालेला वायू बाहेर सोडणारा हा व्हॉल्व्ह लालबुंद होतो. हेरॉन यांनी त्याचा दांडा पोकळ ठेवून त्यात थोडासा सोडियम धातू भरला. सोडियम सुमारे ९८ अंश सेल्सिअसला वितळतो. व्हॉल्व्ह वरखाली झाला की तो पातळ धातू आत हिंदकळतो, तापलेल्या डोक्याकडची उष्णता घेतो आणि दांड्यावाटे बाहेरच्या धातूला देतो. बाहेरून पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. पण पुढच्या काळातली मोठी रेडियल तासन्‌तास चालू शकली, त्यात या चिमूटभर धातूचा मोठा वाटा आहे.

त्याच सुमारास ब्रिस्टलला रॉय फेडन ‘ज्युपिटर’ या नऊ सिलिंडरी इंजिनावर झटत होते. त्यांची कॉसमॉस कंपनी १९२० मध्ये बुडाली. ब्रिस्टल एरोप्लेन कंपनीनं इंजिनासकट सगळा चमू घेतला आणि ज्युपिटर तगलं. इंपीरियल एअरवेजची चार इंजिनी हँडली पेज विमानं ज्युपिटरवरच कैरो ते कराची मार्गावर उडू लागली.

भरवसा

अमेरिकी नौदलाला विमानवाहू जहाजांसाठी हलकी, पाण्याची झंझट नसलेली इंजिनं हवी होती. चार्ल्स लॉरन्स यांची छोटी कंपनी तशी रेडियल बनवत होती, पण तिचा आवाका लहान होता. नौदलाच्या रेट्यानं राइट कंपनीनं १९२३ मध्ये ती विकत घेतली. त्यातून, हेरॉन यांच्या सिलिंडरविद्येच्या मदतीनं, जे-५ व्हर्लविंड तयार झालं : नऊ सिलिंडर, सुमारे २२० अश्वशक्ती.

२० मे १९२७ रोजी चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकाच व्हर्लविंडवर निघाले आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरले. खाली अटलांटिक, सोबत कोणी नाही आणि इंजिन एकच. त्या साडेतेहतीस तासांत ते बंद पडलं असतं, तर लिंडबर्ग यांचं नाव बेपत्ता झालेल्यांच्या यादीत गेलं असतं. पुढच्याच वर्षी चार्ल्स किंग्जफर्ड स्मिथ आणि त्यांच्या सोबत्यांनी तीन व्हर्लविंडवर पॅसिफिक ओलांडला. माझ्या दृष्टीनं आजच्या हौसेचं बी इथं पडलं. इंजिनावर जीव टाकून निर्धास्त बसता येतं, ही गोष्ट उडणाऱ्या माणसांना पहिल्यांदा पटली ती या दोन-तीन वर्षांत.

राइट कंपनीचे प्रमुख फ्रेडरिक रेंट्शलर तोवर बाहेर पडले होते. कनेटिकटमधल्या हार्टफर्डला तंबाखूच्या रिकाम्या गोदामात त्यांनी प्रॅट अँड व्हिटनीचं विमान-इंजिनांचं काम सुरू केलं. पहिलं इंजिन १९२५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जुळवून झालं. रेंट्शलर यांच्या पत्नीनं सुचवलेलं ‘वास्प’ हे नाव त्याला मिळालं.

रुंद तोंडाचा तोटा अजून होताच. त्यावर उतारा सापडला तो व्हर्जिनियातल्या सरकारी प्रयोगशाळेत. पोटोमॅकमध्ये बुडालेल्या त्याच लँग्लींचं नाव या प्रयोगशाळेला दिलेलं होतं. फ्रेड वाइक आणि सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये इंजिनाभोवती पुढून गोलाई दिलेलं पत्र्याचं आवरण, म्हणजे काऊलिंग, बसवलं. वारा मोकाट न वाहता मोजून-मापून सिलिंडरांवरून जाऊ लागला. एका कर्टिस विमानाचा वेग एवढ्या एका बदलानं ताशी १९० किलोमीटरवरून २२० वर गेला. इंजिनाची ताकद तीच होती.

भाऊबंदकी

दरम्यान हे कुळ परवान्यांच्या वाटेनं जगभर पसरलं. ज्युपिटर फ्रान्समध्ये नोम-रोन कंपनीनं घेतलं, म्हणजे फिरत्या इंजिनांचं घराणं स्थिर इंजिनांच्या घराण्यात आलं. जर्मनीत सीमेन्सनं आणि जपानमध्ये नाकाजिमानंही ते घेतलं. प्रॅट अँड व्हिटनीचं ‘हॉर्नेट’ बीएमडब्ल्यूनं उचललं. राइटचं ‘सायक्लोन’ सोव्हिएत रशियात गेलं आणि अर्काडी श्वेत्सोव्ह यांच्या हाताखाली वाढलं.

दुसऱ्या महायुद्धात हे सगळे भाऊबंद समोरासमोर उभे ठाकले. जर्मन फॉक-वुल्फ १९० मधलं बीएमडब्ल्यू ८०१ हॉर्नेटच्या वंशातलं. त्याला भिडणाऱ्या रशियन लावोच्किनमधलं एएश-८२ सायक्लोनच्या वंशातलं. जपानी ‘झीरो’त नाकाजिमाचं इंजिन आणि तिच्यासमोर अमेरिकी कोर्सेअरमध्ये १८ सिलिंडरांचं, २,००० अश्वशक्तीचं डबल वास्प.

या युद्धानं रेडियलच्या कीर्तीत एक गोष्ट कायमची जोडली. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनाच्या रेडिएटरला एक गोळी लागली, की पाणी वाहून जाऊन इंजिन काही मिनिटांत आखडतं. रेडियलचा एखादा सिलिंडर फुटला, तरी उरलेल्यांच्या जोरावर वैमानिक तळावर परतू शकत असे. थंडरबोल्टसारखी विमानं चाळण होऊन परतली आणि त्यांच्या वैमानिकांनी ही गोष्ट मुलानातवंडांना सांगितली. इंजिनाबद्दलची कृतज्ञता घराघरांत गेली ती अशी.

घाईची किंमतही याच काळात मोजावी लागली. बी-२९ बॉम्बरसाठी राइटचं १८ सिलिंडरी आर-३३५० इंजिन पुरतं सिद्ध होण्याआधीच लागलं. त्याला आगी लागत, आणि त्यात मॅग्नेशियमचे भाग असल्यानं त्या विझता विझत नसत. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी बोईंगचे मुख्य चाचणी वैमानिक एडी ॲलन आणि त्यांचे दहा सहकारी सिएटलला अशाच आगीपायी मृत्युमुखी पडले. पुढच्या वर्षी हीच विमानं बंगालमधल्या खरगपूर परिसरात आली. तिथल्या उन्हाळ्यात इंजिनं उड्डाणापूर्वीच तापत. वरच्या सिलिंडरांच्या व्हॉल्व्हना जास्त तेल देणं, हवेच्या वाटा बदलणं, असे उपाय करत यांत्रिकांनी ती हळूहळू माणसाळवली.

आपल्या आभाळात

भारतीय वायुसेनेचा जन्मच रेडियलच्या आवाजात झाला. १९३३ च्या एप्रिलमध्ये कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वॉड्रन उभी राहिली, ती ज्युपिटर बसवलेल्या वापिटी विमानांवर. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या पहिल्या तुकडीला श्रीनगरला उतरवणाऱ्या डकोटांना प्रत्येकी दोन ट्विन वास्प होती. दोन रांगांत चौदा सिलिंडर, १,२०० अश्वशक्ती. या जातीची १,७३,००० हून अधिक इंजिनं बनली. दुसऱ्या कुठल्याही विमान-इंजिनानं हा आकडा गाठलेला नाही.

अशाच डकोटांनी नागपूरला मध्यरात्री जागतं ठेवलं. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री निघालेली विमानं सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटलं जाई. त्यामागं रात्रभर पेटत राहणारे हे सिलिंडर होते.

८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेलं एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन, आर-३३५० इंजिनांवरच उडालं. खरगपूरच्या उन्हात यांत्रिकांना रडवणारं इंजिन चार वर्षांत प्रवासी नेण्याइतकं भरवशाचं झालं होतं. ताफ्यात ‘मराठा प्रिन्सेस’ही होती.

कानपूरची हकीकत तर रेडियलच्या कुठल्याही चाहत्याला तोंडपाठ असावी अशी आहे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी तिथं टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर कोणाच्या कामी येऊ नयेत म्हणून त्यांची मोडतोड केली होती, इंजिनांत वाळू ओतली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं केलं आणि वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती दुरुस्तीसाठी बेंगळुरूला उडवत नेली. चाळीसच्या आसपास लिबरेटर अशी पुन्हा उभी राहिली आणि १९६८ पर्यंत वायुसेनेत राबली.

निरोप

रेडियलनं आपली कमाल गाठली ती युद्धाच्या शेवटी. प्रॅट अँड व्हिटनीच्या वास्प मेजरमध्ये चार रांगांत २८ सिलिंडर आणि ५६ प्लग होते. बी-३६ बॉम्बरवर अशी सहा इंजिनं, म्हणजे एका विमानाचे ३३६ प्लग. सुपर कॉन्स्टेलेशनवरच्या आर-३३५० ला बाहेर पडणाऱ्या वायूतली ताकद परत क्रँकशाफ्टला देणारी तीन टर्बाइन जोडलेली होती. यापुढं वाढायला जागा उरली नव्हती. जेटच्या टर्बाइनमध्ये वरखाली आपटणारं काही नसतं, ते रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतं आणि हजारो तास उघडावं लागत नाही. १९५२ मध्ये कॉमेट, १९५८ मध्ये बोईंग ७०७ आलं. १९६२ च्या जूनमध्ये एअर इंडिया ही संपूर्ण जेट ताफ्याची जगातली पहिली कंपनी झाली. तिची सुपर कॉन्स्टेलेशन वायुसेनेकडं गेली, १९७६ मध्ये तिथून नौदलाकडं आली आणि समुद्रावर गस्त घालू लागली.

हौस

जेट आल्यावर रेडियलची विमानं भंगाराच्या भावानं निघाली. हौशी लोकांनी ती वाचवायला सुरुवात केली ती याच वेळी. टेक्सासमध्ये काही माजी वैमानिकांनी १९५८ साली बेअरकॅट जातीची दोन लढाऊ विमानं प्रत्येकी ८०५ डॉलरांना घेतली. युद्धातल्या विमानांचा एकेक नमुनाही कोणी उडता ठेवत नाही, हे पाहून ते कामाला लागले. त्यांची संस्था आज कमेमोरेटिव्ह एअर फोर्स या नावानं ओळखली जाते आणि ‘फिफी’ हे बी-२९ अजून उडवते.

१९३९ मध्ये जर्मनीच्या मेसरश्मिट २०९ नं ताशी ७५५ किलोमीटरचा विक्रम केला होता. पिस्टन इंजिनाच्या विमानाचा हा विक्रम तीस वर्षं टिकला. १६ ऑगस्ट १९६९ रोजी डॅरिल ग्रीनामायर यांनी खासगी खर्चानं सुधारलेल्या बेअरकॅटवर तो ताशी ७७६ किलोमीटरनं मोडला. वीस वर्षांनी लाइल शेल्टन यांनी ‘रेअर बेअर’वर तो ८५० पर्यंत नेला. मोडकळीस आलेल्या सांगाड्यातून उभं केलेल्या या विमानात एडी ॲलन यांचा जीव घेणाऱ्या आर-३३५० इंजिनाचंच रूप होतं. जे काम सरकारांनी सोडून दिलं, ते हौशी माणसांनी पुढं नेलं आणि पूर्ण केलं.

कानपूरच्या लिबरेटरांपैकी एक भारतातून ब्रिटनमार्गे अमेरिकेत गेलं आणि खटपटीनंतर १९८९ मध्ये पुन्हा उडालं. ब्लेरियोच्या पिढीचं, अँझानीच्या इंजिनाचं १९०९ चं विमान ओल्ड वॉर्डनला जपलेलं आहे. ऑस्ट्रेलियात रोटेक आणि चेक प्रजासत्ताकात व्हर्नर या कंपन्या छोटी रेडियल नव्यानं बनवतात. रशियन घराण्याचं नऊ सिलिंडरी एम-१४पी कसरतीच्या विमानांत आजही लोकप्रिय आहे.

हाताला कळणारं

या हौसेत नुसतं पाहणं नसतं, राबणं असतं. रेडियल दोन-चार दिवस उभं राहिलं, की खालच्या सिलिंडरांत तेल उतरतं. म्हणून सुरू करण्याआधी, मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद असल्याची खात्री करून, माणूस पंखा हातानं फिरवतो आणि पाती मोजतो. कुठं अडकलं तर जोर करायचा नाही. तेल दाबलं जात नाही. जोर केला की दांडा वाकतो, आणि वाकलेला दांडा त्या वेळी तक्रार न करता पुढं कधीतरी आकाशात तुटतो. खालचा प्लग काढायचा, तेल निथळू द्यायचं, पुन्हा फिरवायचं. मग स्टार्टर, थोडं पेट्रोल, काही पाती फिरली की मॅग्नेटो चालू. पहिल्या अर्ध्या मिनिटात तेलाचा दाब चढला नाही तर इंजिन बंद. चढला तरी तेल पुरेसं गरम होईपर्यंत वेग वाढवायचा नाही.

अठरा सिलिंडरांत एक नीट पेटत नसेल, तर तो शोधायची रीतही जुनीच. इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं आणि एकेका सिलिंडरच्या धुराड्याचं तोंड तपासायचं. जे गार, तिथं दोष. उतरतानाही थ्रॉटल एकदम ओढायचा नाही. तसं केलं तर पंखा इंजिनाला फिरवू लागतो आणि मास्टर रॉडच्या बेअरिंगवर उलटा ताण येतो. हे सगळं पुस्तकात छापलेलं आहे. पण पाती फिरवताना लागणारा नेहमीचा जोर आणि वावगा जोर यातला फरक जाणत्याच्या शेजारी उभं राहूनच कळतो. तो जाणता गेला आणि शेजारी कोणी नसलं, तर इंजिन शाबूत असूनही निकामी.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी हे फार कठोरपणे समोर आलं. ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-१७ हौशी प्रवाशांना घेऊन कनेटिकटमध्ये उडालं आणि इंजिनांत बिघाड झाल्यावर काही मिनिटांत कोसळलं. सात जण गेले. तपासात मॅग्नेटोचे दोष आणि अपुरी देखभाल निघाली. कानपूरचं लिबरेटर जिनं उडतं केलं, तीच संस्था हे विमान चालवत होती. विमानावर तिचं प्रेम होतं यात शंका नाही. पण ज्या इंजिनानं लिंडबर्गना पार नेलं, त्याचा भरवसा आवाजात किंवा आकारात नव्हता. गिब्सन आणि हेरॉन यांच्या चिकाटीत आणि खरगपूरच्या उन्हात व्हॉल्व्ह बदलणाऱ्या हातांत तो होता. ती चिकाटी सुटली, की मागं उरतं ते जुनं, धोक्याचं यंत्र. म्हणून मला या चाहत्यांमधला सर्वांत मोठा तो वाटतो, जो उड्डाण रद्द करून प्लग उघडायला बसतो.

गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाच्या हवाई संग्रहालयात एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. एअर इंडियात असताना त्याचं नाव ‘रानी ऑफ एलोरा’ होतं, म्हणजे आपल्या वेरूळचं. उघड्यावर, समुद्राच्या खाऱ्या हवेत ते उभं आहे. वायुसेनेच्या जुन्या विमानांच्या पथकात २०१८ मध्ये आलेला ‘परशुराम’ हा डकोटा मात्र उडतो. राजीव चंद्रशेखर यांनी तो वायुसेनेला भेट दिला, ब्रिटनमध्ये त्याची दुरुस्ती झाली आणि श्रीनगरला प्रथम उतरलेल्या डकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याच्या अंगावर आहे. आपल्याकडं आता अशा विमानांसाठी छप्पर हवं, आणि त्याहून अधिक माणसं हवीत. विमानांची देखभाल शिकणाऱ्या मुलांना एखादं रेडियल उघडायला, जुळवायला आणि चालवायला मिळालं पाहिजे, ज्यांनी ते एकेकाळी चालतं ठेवलं ते म्हातारे यांत्रिक हयात आहेत तोवर. वंशावळ कागदावर लिहून ठेवता येते. इंजिनाचं कुळ टिकतं ते मात्र शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या हातांमुळे.